पुण्यातील क्लास टू मेडिकल: ‘शेप वन’ घेऊन गेलेल्या माजी अधिकाऱ्याचा अभिप्राय

तोफखान्यात दहा वर्षे शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर काढून मी सैन्यातून बाहेर पडलो आणि व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या तयारीला लागलो. त्यासाठी आधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पॅनेलवरील डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिल्या टप्प्याची वैद्यकीय तपासणी, करून घ्यावे लागते; व्यावसायिक परवान्यासाठीची अधिक कडक क्लास वन तपासणी त्यानंतर होते. ते मी पुण्यातील एका दवाखान्यात केले. पुढे एक-दोन तक्रारी नोंदवायच्या असल्याने दवाखान्याचे नाव येथे देत नाही.

सेवा सोडताना माझी वैद्यकीय श्रेणी शेप वन होती. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाचही बाबतींत निर्दोष, असा तिचा अर्थ. त्यामुळे हे काम तासाभरात उरकेल अशा समजुतीत मी गेलो होतो. प्रत्यक्षात नागरी परवान्यासाठी ही श्रेणी चालत नाही. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान असे सगळे नव्याने तपासावे लागते. सैन्याची कागदपत्रे लागतात ती पूर्वेतिहास कळावा म्हणून, आणि नेमकी तीच आणायला रिसेप्शनवरून फोनवर सांगितले नव्हते. उपाशीपोटी यावे, ओळखपत्र आणि फोटो आणावेत, एवढेच सांगितले गेले. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच मिनिटाला रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे सेवा सोडताना झालेल्या वैद्यकीय तपासणीचे, कागद मागितले, आणि मला नाशिक-पुणे प्रवास दुसऱ्यांदा करावा लागला.

दुसऱ्या फेरीत मात्र डॉक्टरांबद्दलचे माझे मत पार बदलले. ते स्वतः सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले असल्याने बोर्डाची भाषा त्यांना समजावून सांगावी लागली नाही. पान-पान वाचत ते गुडघ्याच्या जुन्या शस्त्रक्रियेपाशी थांबले आणि म्हणाले, “मेजरसाहेब, हे तुमच्या फॉर्ममध्ये दिसत नाही.” मी ती किरकोळ समजून लिहिलीच नव्हती. त्यांनी रकाना भरून घेतला, मला उठाबशा काढायला लावल्या आणि गुडघा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. गुडघ्यामुळे अडचण येणार नव्हती. फॉर्मखाली सही करून शस्त्रक्रिया लपवली असती तर पुढे नक्कीच आली असती, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कानाच्या तपासणीबाबत माझी दुसरी तक्रार आहे. ऑडिओमेट्री प्रतीक्षागृहाला लागून असलेल्या साध्या खोलीत झाली; दाराबाहेर टोकन क्रमांकांचा पुकारा चालू असताना कानातली बारीक शिटी ओळखायची होती. डाव्या कानाचा आकडा 3000 हर्ट्झला 55 डेसिबल आला. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार क्लास वनसाठी 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35, तर 3000 हर्ट्झला 50 डेसिबलपेक्षा जास्त श्रवणऱ्हास चालत नाही. म्हणजे क्लास टूपुरते निभावले असते, तरी पुढची दारे बंद झाली असती. डॉक्टरांनी आलेख पाहून “कान तोफखान्याचा आहे, पण खोलीही तोफखानाच आहे” असे म्हणत मला ध्वनिरोधक कक्ष असलेल्या दुसऱ्या केंद्रात पाठवले. तेथे तोच आकडा 45 आला. या दुसऱ्या चाचणीचे पैसे मलाच भरावे लागले, आणि ते मला अजूनही खटकते.

प्रतीक्षागृहात भेटलेल्या एका निवृत्त हवालदारांचा अनुभवही येथे सांगायला हवा. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र त्यांच्याकडे होते, बारावी मात्र कला शाखेची होती. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ते प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. डॉक्टरांनी त्यांच्याकडून शुल्क न घेता आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय पूर्ण करण्याचा सल्ला दिला. हातात आलेला ग्राहक असा परत पाठवणारे लोक या व्यवसायात मला फारसे भेटलेले नाहीत.

डॉक्टरांना पाचपैकी पाच, रिसेप्शन आणि ऑडिओमेट्रीला दोन. माजी सैनिकांनी जाण्यापूर्वी रिलीज बोर्डाच्या सर्व पानांच्या छायाप्रती सोबत घ्याव्यात. क्लास वनची तपासणी ज्या केंद्रांत होते, त्यांपैकी दिल्लीच्या सुब्रतो पार्कमध्ये आणि बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत ती वायुदलाचेच डॉक्टर करतात. म्हणून आपले कागद तेथे आपोआप पोहोचतील अशी समजूत मात्र करून घेऊ नये. मी बंगळुरूची तारीख घेतली आहे आणि फायलीत ऑडिओमेट्रीचे दोन्ही आलेख एकाखाली एक लावले आहेत.