स्वप्नात जागं करणारं ॲप, महिनाभर वापरून
उंचावरून पडायची स्वप्नं रोज पडून जीव नको झालेला म्हणून ल्युसिड ड्रीमिंगचं, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे ओळखायला शिकवणारं ॲप घेतलं. झोपून ५ तास झाले की अलार्म, मग "हे स्वप्न आहे हे मला कळेल" असं घोकत परत झोपायचं, ही स्टॅनफर्ड विद्यापीठातले स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांची पद्धत. दिवसा नाक दाबून श्वास घेता येतो का बघायचं (येत असेल तर स्वप्न, ही सवय मग स्वप्नातही लागते), ऑफिसात सगळे विचारतात सर्दी झाली का! विसाव्या रात्री जिन्यावरून पडता पडता हाताची बोटं मोजली तर ७, म्हणजे हे स्वप्नच, हसूच फुटलं, भीती गायब. पण झोपमोड होऊन दिवसभर चिडचिड, शिवाय बायकोही उठते. ॲपमधलं २० मिनिटांचं योगनिद्रेचं रेकॉर्डिंग मात्र झकास, आता तेवढंच लावतो. वर्षाचे पैसे आधीच कापलेत, परत देत नाहीत, ३ स्टार.