लेकॉनचं कुठलं मालवाहू घ्यावं? टाइप-६, ७, ८ की ९

एलीट डेंजरस हा अंतराळाचा गेम खेळणारा माणूस साइडवाइंडर या सुरुवातीच्या छोट्या जहाजातून कुरिअरची कामं करून कंटाळला की त्याला माल वाहायची हुक्की येतेच आणि मग तो शिपयार्डात लेकॉन स्पेसवेज या जहाजं बनवणाऱ्या कंपनीची यादी उघडून बसतो. एकासारखी एक चौकोनी खोकी, नावं पण नुसते आकडे, आणि प्रत्येकापुढे टनांचा आकडा. सगळे तो टनांचाच आकडा बघतात, मी पण तेच केलं आणि तिथेच फसलो. आधी पॅड (जहाज उतरायची जागा) बघायचं, टन नंतर.

कारण साधं आहे. आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्टेशनांवर, मोठं पॅड नसतंच, फक्त लहान आणि मध्यम. चांगल्या भावाचा माल बऱ्याचदा अशाच आडबाजूच्या आउटपोस्टवर असतो, तिथे मोठं जहाज घेऊन गेलात तर दारातूनच परत.

टाइप-६ म्हणजे आपला छोटा हत्ती. साधारण साडेदहा लाख क्रेडिट, मध्यम पॅडवर बसतो, शिल्ड (संरक्षक कवच) काढून सगळीकडे मालाचे रॅक भरले तर शंभराच्या थोडं वर टन घेतो. बंदुका नावाला दोन, त्याही छोट्या, त्यामुळे कोणी पायरेटने वाटेत अडवलं (इंटरडिक्ट केलं) तर शूरपणा करायचा नाही, थ्रॉटल शून्यावर आणून सबमिट व्हायचं, म्हणजे अडवू द्यायचं, बूस्ट मारायचा आणि परत जंप. पहिलं मालवाहू म्हणून डोळे झाकून घ्या, याच्यावर जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

गडबड होते ती पुढच्या पायरीला. सहा नंतर सात, असं कोणालाही वाटणारच ना. टाइप-७ ला १ कोटी ७४ लाख लागतात, माल तीनशे टनाच्या आसपास, कागदावर झकास, पण हे जहाज एवढं उंच बनवलंय की मध्यम पॅडवर मावत नाही, मोठंच पॅड लागतं. म्हणजे त्रास सगळा मोठ्या जहाजाचा आणि माल मधल्या जहाजाएवढा. माझ्याकडे होतं, चारेक महिने चालवलं, मस्त भाव दिसला म्हणून दोन-तीन उड्या मारून पोचायचो आणि तिथे गेल्यावर कळायचं की आउटपोस्ट आहे, मग शिव्या घालत उलटं फिरायचं (नकाशात आधी बघायची अक्कल फार उशिरा आली, ते सोडा).

२०२४ मध्ये टाइप-८ आलं आणि सातची गरजच संपली राव. चार कोटींच्या आत मिळतं, चारशे टन नेतं आणि मध्यम पॅडवर बसतं!! सातपेक्षा शंभर टन जास्त आणि वर आउटपोस्ट उघडे. दुसरी गोष्ट म्हणजे एससीओ ड्राइव्ह, ज्याने सुपरक्रूझमध्ये (एकाच ताऱ्याभोवतीच्या प्रवासात) अचानक प्रचंड वेग घेता येतो, हे जहाज त्या ड्राइव्हचा विचार करूनच बनवलंय, त्यामुळे नाक सरळ राहतं आणि तापतं पण कमी. जुन्या जहाजात तोच ड्राइव्ह टाकला की बैल उधळल्यासारखं डावी-उजवीकडे जातं आणि इंधन बघता बघता संपतं. स्टेशन जर ताऱ्यापासून लाखभर लाइट-सेकंद लांब असेल तर हा फरक पैशात मोजता येत नाही, एक चहा होईपर्यंत पोचायचं की जेवण करून परत येऊन बसायचं एवढा तो फरक आहे.

आता टाइप-९. ७ कोटी ६५ लाख, जवळजवळ ७९० टन. वळायला सांगितलं की आधी विचार करतं मग वळतं. कोरिओलिस स्टेशनच्या त्या फिरत्या फटीतून आत जाताना पहिल्या दिवशी हात थरथरतात, दोन्ही बाजूला जागा अशी उरतच नाही, आणि तेवढ्यात समोरून दुसरा कोणी टाइप-९ बाहेर येत असतो. मी एकदा रॅकच्या हावेपायी शिल्ड काढून गेलो होतो आणि त्या फटीतच घासलं, ते शहाणपण परत केलं नाही. लक्षात ठेवा, जहाज फुटलं तर किमतीच्या ५ टक्के रिबाय भरावा लागतो, म्हणजे नुसत्या नव्याकोऱ्या नऊचेच ३८ लाख, वरच्या सामानाचे वेगळे, आणि भरलेला माल गेला तो गेलाच. तेवढे खिशात नसताना नऊ उडवणाऱ्याला मी काही बोलत नाही.

पण कॉलनी बांधायची असेल तर नऊला तोड नाही, निदान लेकॉनमध्ये तरी. २०२५ पासून स्वतःची सिस्टिम वसवता येते आणि तिथे स्टील, टायटॅनियम असलं हजारो टन ओतावं लागतं. समजा वीस हजार टन न्यायचे आहेत, तर आठने पन्नास फेऱ्या आणि नऊने सव्वीस. (झोर्गन पीटरसनचं पँथर क्लिपर याहून मोठं आहे, पण तो वेगळा कारखाना आणि वेगळं बजेट.)

टाइप-१० चं पण कोणीतरी विचारेलच. १२ कोटी ४८ लाखाला नऊचाच सांगाडा, त्यावर बंदुका बसवायच्या नऊ जागा (हार्डपॉइंट), थारगॉइड या परग्रहवासीयांशी लढायला काढलेला. माल वाहायला घेऊ नका, नऊपेक्षा कमी मावतो आणि किंमत दीडपटीच्या वर.

म्हणून खात्यात दोन कोटी जमले की हात शिवशिवतील, सात घ्यावंसं वाटेल, तर घेऊ नका, सहा वरच अजून काही दिवस काढा आणि थेट आठ उचला. माझं आठ अजून आहे. नऊ पण आहे, पण ते बांधकाम निघालं की बाहेर काढतो, एरवी धूळ खात उभं असतं.