शेवंतीला कळी लागताना: 12:61:00 की 00:52:34?

शेवंती कळीवर आली की 19:19:19 हे विद्राव्य खत थांबवायचं, इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. (गोणीवरचे तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के.) वाद त्यापुढे सुरू होतो. ठिबकमधून आता बारा-एकसष्ट सोडायचं की झिरो-बावन्न-चौतीस? दोन्हींच्या गोण्या माझ्या शेडमध्ये राहून गेल्यात आणि दोन्हींवर फुलं निघालीत. त्यामुळे एक चांगलं नि दुसरं टाकाऊ असं मी म्हणणार नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. कळी खतानं येत नाही, मोठ्या रात्रीनं येते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबर सरताना बारावर येतो, आणि मधे कुठेतरी आपापल्या जातीप्रमाणे शेवंती शेंड्याची पालवी सोडून कळीकडे वळते. म्हणून तर फूल लांबवायचं असेल तर लोक रात्री रानात बल्ब लावतात. रस्त्यालगतच्या दिव्याखालची झाडं मागे राहतात, त्यात खताचा काही दोष नसतो. आपल्या हातात एवढंच, की झाड वळलं असताना त्याला मागे ओढायचं नाही.

बारा-एकसष्टची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. गोणी स्वस्त पडते आणि स्फुरद जास्त मिळतं. 5 किलोत एकाकडून 3 किलोच्या वर, दुसऱ्याकडून 2.6 किलो. शेंडा खुडल्यावर फुटवे जोमानं काढायला याच्यासारखं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. दोन्ही खतं आम्लधर्मी, त्यामुळे चुनखडीच्या रानात दोन्ही बरी चालतात. कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत पडली तर दोन्हींचा पांढरा गाळ होतो आणि ड्रीपर तुंबतात. तिथे डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

फरक उरतो त्या 12 टक्के नत्राचा. हिशेब केला तर तो किरकोळ वाटतो. 5 किलोत नत्र 600 ग्रॅम, त्यानं काय बिघडणार? पण ते एकदाच जात नाही. आठवड्यातून दोनदा, महिनाभर, थेट मुळाशी जातं; वर शेणखत आणि आधीचा युरिया जमिनीत असतोच. झाड हिरवंगार दिसतं, बघणारे मान डोलावतात, आणि कळीखालची दांडी मात्र कोवळी राहते. त्या कोवळ्या दांडीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसतो.

माझा निकाल लागला तो या माव्यामुळेच. मावा काही फक्त बारा-एकसष्टच्या रानातच येतो असं नाही. ढगाळ हवा पडली की सगळीकडेच येतो. पण एकाच जातीच्या, एकाच पाण्यावरच्या माझ्या दोन पट्ट्यांत कळीच्या गळ्याशी काळी रांग दिसायची ती आधी बारा-एकसष्टच्या पट्ट्यात, आणि हटायची ती शेवटी. याला मोजमाप म्हणता येणार नाही, डोळ्यांना दिसलं ते सांगतो. नुसता मावा असता तर फवारून मोकळे झालो असतो. पण त्याचा चिकटा कळीवर उतरतो, मुंग्या चढतात, त्यावर काळी बुरशी धरते. तोडणीच्या बायका ओळीच्या मध्येच हात धुवायला पाणी मागतात आणि तोडा रेंगाळतो. फूल रंगावर आलेलं असताना फवारावं, तर पिवळ्या पाकळीवर भुकटीच्या औषधाचा पांढुरका डाग राहतो, वर मधमाश्यांचं नुकसान वेगळंच. मार्केटात अडत्यानं मूठभर फुलं हातात घेतली आणि म्हणाला, “भाऊ, हाताला चिकटतंय, हारवाला उचलेल का?” भाव त्यानं पुढे सांगितलाच नाही, आणि मीही विचारला नाही.

झिरो-बावन्न-चौतीसमध्ये नत्रच नाही, आणि 5 किलोमागे 1.7 किलो पालाश मिळतं. दांडी लवकर कडक होते, फूल क्रेटमध्ये दबत नाही, असा माझा अनुभव. बारा-एकसष्टवाल्याला हे पालाश वेगळं आणावं लागतं. 13:00:45 घेतलं तर पुन्हा नत्र आलंच. 00:00:50 घेतलं तर गोणीच्या भावातली बचत बरीचशी तिथेच संपते.

महाग आहे, हे खरं. दुसरी अडचण हलक्या रानाची. मुरमाड जमिनीत, परतीच्या पावसानं दोन-तीनदा धुऊन गेल्यावर, नत्र पूर्ण तोडलं की खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि झाड बुडाशी उघडं पडतं. तुमचं रान तसलं असेल तर बारा-एकसष्ट सरळ नाकारू नका. किंवा झिरो-बावन्न-चौतीस चालू ठेवून मधे एखादा हलका डोस 13:00:45 चा द्या. माझी जमीन मध्यम काळी, तिला ही गरज क्वचितच पडते.

बदल कधी करायचा यात मी थोडी घाई करतो. कळी ज्वारीच्या दाण्याएवढी झाल्यावर बरेच जण गोणी फोडतात. मी शेंड्याची पानं लहान निघायला लागली की बदलतो, कारण आधी दिलेलं नत्र जमिनीत पुढचे काही दिवस बोलतच राहतं. एकरी 4 ते 5 किलो, आठवड्यातून दोनदा, कळी रंग दाखवेपर्यंत. त्यापुढे स्फुरदही बंद, फक्त 00:00:50.

बारा-एकसष्टची अर्धी गोणी शिल्लक असेल तर कळीवर संपवायच्या नादी लागू नका. तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा; पुढच्या लागवडीत शेंडा खुडल्यावर ती उपयोगी येईल.