टॉर्क पाना, सात महिन्यांनंतर: टक्क ऐकूच येत नाही

अर्धा इंची, ४० ते २१० न्यूटन मीटरचा, ठरवलेला जोर लागला की टक्क करणारा पाना. नागपूरच्या इतवारीत साडेसहा हजारांना घेतला. तासभर घासाघीस करून शंभर रुपये सुटले.

तक्रार एकच. दुकानात टक्क खणखणीत वाजला. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये कंप्रेसर चालू असला की काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हाताला बारीक झटका बसतो, तेवढाच. आमचा फिटर त्याच्याही पुढे ओढत राहिला. वरून मलाच विचारतो, "भाऊ, वाजलंच नाही तर थांबू कसा?" पाना परत घेऊन गेलो, तर दुकानदार म्हणाला, "पान्यात खोट नाही साहेब, कान तपासून घ्या."

राग यायला कारण होतं. बॉयलरच्या ४ इंची स्टीम लाइनचा आठ बोल्टांचा एक फ्लँज (पाइप जोडायची चकती) तीनदा गॅस्केट (दोन चकत्यांमधली दाबून बसणारी पट्टी) बदलूनही फुसफुसायचा, दर वेळी वरच्या अंगाला. मी पान्याला शिव्या घालत होतो.

मागच्या महिन्यात काढलेलं गॅस्केट फेकण्याआधी उन्हात धरलं. फ्लँजच्या गोल चऱ्यांचा ठसा खाली खोल, वर पुसट. जाडी मोजायला व्हर्नियर लावला: खाली २.६ मिमी, वर २.९. म्हणजे पाइपच वाकडा बसत होता. पुढचा सपोर्ट खचलेला. बोल्ट ढिले करताच फ्लँज वरून आ वासायचा. आम्ही तो बोल्टांनी ओढून जुळवत होतो. सपोर्टखाली लोखंडी प्लेट सरकवली, तेव्हा बोल्ट बोटाने सरळ आत गेले.

मग आटे आणि नटाची टेकणारी बाजू ग्रीस केली (गॅस्केटला अजिबात नाही). कोरडा बोल्ट असला की बराचसा जोर घासण्यातच जातो, पाना १२० दाखवतो आणि गॅस्केट दबतच नाही. बोल्ट १-५-३-७, २-६-४-८ अशा समोरासमोरच्या क्रमाने आवळले: आधी ४०, मग ८०, मग १२० न्यूटन मीटर, शेवटी एक गोल फेरी. वाफ सोडल्यावर गरम गॅस्केट पुन्हा आवळायची जुनी खोड मात्र मोडली. शीटचं गॅस्केट तापून कडक होतं, तडकतं.

तेव्हापासून थेंब नाही. पान्याची माफी मागतो, टक्कची नाही. काम झालं की ४० वर आणून ठेवतो, स्प्रिंग सैल राहते. डब्याची कडी पहिल्याच महिन्यात तुटली. नवा डबा चारशेला म्हणे. सायकलची ट्यूब कापून बांधलाय.