बर्लिनमध्ये घर बघताय? आल्टबाऊ की नॉयबाऊ, फोडणी देणाऱ्या बाईच्या नजरेतून

पुण्याहून ओळखीतलं कोणी ना कोणी दर दोन-तीन महिन्यांनी बर्लिनला येतंच, आणि आल्यावर पंधरा दिवसांत फोन, की अगं दोन घरं बघितलीत, एक जुन्या बिल्डिंगमधलं आहे, छत एवढं उंच की पोटमाळा काढला तर वर अजून एक भाडेकरू राहील, आणि दुसरं नवं कोरं, लिफ्टबिफ्ट सगळं, तर कुठलं घेऊ? मी साडेतीन वर्षं पहिल्या प्रकारात काढलीत आणि आता दोन वर्षं दुसऱ्यात आहे, त्यामुळे फोनवर तेच तेच सांगून घसा बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी नावं. आल्टबाऊ म्हणजे जुनं बांधकाम, साधारण १९४९ च्या आधीचं, आणि बर्लिनमध्ये लोक जे कौतुकाने म्हणतात ते बहुतेक १८७० ते १९१८ मधलं. नॉयबाऊ म्हणजे नवीन. तसं महायुद्धानंतरचं सगळंच नवीन म्हणायला हवं, पण घर शोधणाऱ्यांच्या डोक्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांतलंच असतं, म्हणून मीही तेच धरतेय.

काही धक्के मात्र दोन्हीकडे सारखेच, ते आधी पचवून घ्या म्हणजे उगाच एका घराला दोष देणार नाही. पंखा नाही. दिवे पण नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, आधीचा भाडेकरू दिवे काढून घेऊन गेलेला असतो. खिडकीला ग्रिल नाही, डासांची जाळी नाही, खिडकी आत उघडते त्यामुळे कुंडीबिंडी कठड्यावर ठेवायचा विचार सोडा. टू रूम म्हणजे टू बीएचके नाही हां, एक हॉल आणि एक बेडरूम मिळून दोन, किचन-बाथरूम मोजत नाहीत, म्हणजे आपला वन बीएचके. आणि दाराला बाहेरून हँडल नसतं, नुसता गोळा असतो, कचरा टाकायला गेलात आणि दार मागे ओढलं गेलं की तुम्ही बाहेर आणि किल्ली आत, रविवारी कुलूपवाल्याला बोलवायचे पैसे ऐकून आमच्याकडे दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं. एक जादा किल्ली मैत्रिणीकडे ठेवा, घर कुठलंही घ्या.

आता खरा मुद्दा, किचन. बघायला जाणारे सगळे छताची उंची, लाकडी फ्लोअरिंग, बाल्कनी बघतात, आणि मी म्हणते किचनला दार आहे का ते आधी बघा. आल्टबाऊमध्ये किचन वेगळी खोली असते, दार लावता येतं, खिडकी असते, कधी कधी बाजूला छोटीशी साठवणीची खोली पण मिळते, ज्यात आमची तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या, कुकर सगळं मावायचं. नॉयबाऊमध्ये आजकाल बहुतेक ओपन किचन. हॉलच्या एका भिंतीला कपाटं आणि शेगडी, संपलं. फोटोत फार छान दिसतं. मग मोहरी-हिंगाची फोडणी दिलीत की ती सोफ्याला, पडद्याला, हँगरवरच्या कोटाला, सगळ्यांना बसते, आणि तोच कोट घालून सकाळी ऑफिसला जायचं असतं. वर चिमणी आहे की, असं एजंट म्हणतो, पण विचारा की हवा बाहेर जाते का. नवीन घट्ट बंद बिल्डिंगांमध्ये बऱ्याच वेळा ती चिमणी हवा आत ओढून कोळशाच्या फिल्टरमधून परत घरातच सोडते. वरणाच्या फोडणीला ठीक आहे, पण मी एकदाच घरून आणलेलं सुकट भाजलं होतं नव्या घरात, त्यानंतर नवऱ्याने लेखी करार करायचाच बाकी ठेवला होता.

शेगडीचं पण बघा. काही जुन्या घरांत अजून गॅस आहे, आमच्या होता, फुलके थेट आचेवर, भरताचं वांगं आचेवर, स्वर्ग. नव्यात काचेची सपाट शेगडी नाहीतर इंडक्शन, आणि इंडक्शनवर आईने दिलेली ॲल्युमिनियमची कढई मख्ख बसून राहते, तापतच नाही. खोलगट बुडाचा तवा पण काचेवर डुगडुगतो. म्हणजे नॉयबाऊ घेणार असाल तर बॅगेत भरायच्या आधी भांड्यांच्या बुडाला चुंबक लावून बघा, चिकटलं आणि बूड सपाट असेल तर आणा. मिक्सर मात्र बिनधास्त आणा, व्होल्टेज २३० च आहे, प्लग तेवढा बदलावा लागतो. फक्त रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, त्यात इडलीचं वाटण काढू नका.

आणि हो, किचन असेलच असं नाही! जर्मनीत रिकामं किचन भाड्याने देणं नॉर्मल आहे, म्हणजे भिंतीतून नळाचा पाईप आलेला आणि बाकी शून्य. बर्लिनमध्ये निदान शेगडी आणि सिंक बऱ्याचदा मिळतं, दुसऱ्या शहरांत तेही धरून चालू नका. कधी आधीचा भाडेकरू त्याचं जुनं किचन तुम्हाला विकत घ्यायला लावतो, तो आकडा घर आवडल्यावर नाही, आवडायच्या आधी विचारा.

बाथरूममध्ये दोन्हीकडे आपली पंचाईत एकच, जमिनीला जाळी नसते. बादली-तांब्या नाही, फरशी धुणं नाही, पाणी सांडलं की पुसा. पण आल्टबाऊमध्ये हे जास्त जपायला लागतं कारण खाली लाकडाचे वासे असतात, गळती झाली की खालच्याच्या छतावर डाग. या जुन्या घरांत मुळात बाथरूम नव्हतंच बरं का, संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, तीन-चार बिऱ्हाडांत एक, अगदी गिरगावातल्या चाळीसारखं, बांधल्या पण साधारण त्याच काळात. नंतर कुठल्यातरी कोपऱ्यात बाथरूम घुसवलं, म्हणून ते कधी बोळासारखं लांबट असतं, कधी शॉवर चक्क किचनमध्ये असतो. मी असं एक घर बघितलंय, भांडी घासताना बाजूला आंघोळ. नॉयबाऊचं बाथरूम सरळ, मोठं, पण बऱ्याचदा खिडकीच नसते, नुसता एक्झॉस्ट. जेट स्प्रे कुठेच नसतो, टॉयलेटच्या पाण्याच्या कॉकला टी लावून बसवता येतो, आम्ही बसवला, पण मालकाला विचारून आणि दर वेळी कॉक बंद करून, आणि गळती झालीच तर म्हणून हाफ्टफ्लिष्ट नावाचा, आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा इन्शुरन्स असतो तो आधी काढून.

गरम पाणी कशावर येतं तेही विचारा, कारण भिंतीवर इलेक्ट्रिकचा इन्स्टंट गीझर असेल, ज्याला डुर्खलाउफएरहित्सर असं जिभेची परीक्षा घेणारं नाव आहे, तर त्याचं बिल तुमच्या विजेच्या बिलात येतं, भाड्यात दिसत नाही.

यावरूनच पैशाचं. जाहिरातीत दोन भाडी असतात, काल्टमीटे म्हणजे नुसत्या घराचं, आणि वार्ममीटे म्हणजे पाणी, कचरा, जिना सफाई, हीटिंग वगैरे धरून. आल्टबाऊचा सापळा असा की काही घरांत प्रत्येक फ्लॅटचा स्वतःचा गॅस बॉयलर असतो आणि गॅसचं कनेक्शन तुम्ही तुमच्या नावावर घ्यायचं, म्हणजे वार्ममीटे लिहिलंय पण वार्म काही त्यात नाहीच. आम्ही नेमके याच्यात फसलो, पहिल्या हिवाळ्यानंतर हिशोब आला तेव्हा कळलं की स्वस्त घर एवढं स्वस्त का होतं. घर बघायला गेलात की मालकाला एनर्जी सर्टिफिकेट दाखवायलाच लागतं, लाजू नका, मागा. त्यात ए प्लस ते एच अशा श्रेणी असतात. एफ म्हणजे चौरस मीटरला वर्षाला १६० ते २०० युनिट, ए म्हणजे ३० ते ५०. ६० मीटरच्या घराला ढोबळ गुणाकार करा, १८० ने धरलं तर १०,८०० युनिट, ४५ ने धरलं तर २,७००. चौपट. जुन्या वास्तू म्हणून जपलेल्या काही बिल्डिंगांना मात्र हे सर्टिफिकेट लागत नाही, तिथे आधीच्या भाडेकरूची बिलं बघायला मागा.

पण उलट बाजू पण आहे, नवं घर पायाखालून गरम होतं, फुसबोडेनहाइत्सुंग, जानेवारीत अनवाणी फिरता येतं, चपला नाहीत मोजे नाहीत, आईला सगळ्यात जास्त हेच आवडलं, म्हणाली हे एक घेऊन जाता आलं असतं तर. फक्त ते तापायला अर्धा दिवस घेतं. आल्टबाऊत खिडकीखाली लोखंडी हीटर, त्याचं चाक १ ते ५, आणि ३ म्हणजे साधारण २० डिग्री. पाचवर ठेवलं म्हणून लवकर तापत नाही, नुसतं जास्त तापतं, हे कळायला मला एक हिवाळा लागला.

बुरशी. ही गोष्ट आपल्याला माहीतच नसते कारण आपल्याकडे घरातून वारा आरपार जातो. इथे आपण डाळ शिजवतो, भात लावतो, घरात कपडे वाळत घालतो, आणि खिडकी थंडी म्हणून लावून घेतो, ती सगळी वाफ जाऊन गार भिंतीच्या कोपऱ्यात बसते आणि फेब्रुवारीत कपाटामागे काळे ठिपके. मग मालक म्हणतो तुम्ही हवा खेळवली नाहीत. इथली रीत अशी की दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि परत बंद, याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात आणि काही करारांत ते चक्क लिहिलेलं असतं. खिडकी नुसती वरून तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते आणि उलटंच होतं. आल्टबाऊत हे मनापासून करावं लागतं. काही नव्या घरांत हवा बदलायचं मशीनच बसवलेलं असतं. पण ज्या नव्या घरात मशीन नाही आणि खिडक्या मात्र हवाबंद, तिथे आमटी उकळणाऱ्यांनी जास्तच सांभाळायला हवं.

उजेड. आल्टबाऊत रस्त्याच्या बाजूची बिल्डिंग, मग अंगण, मग मागची बिल्डिंग, कधी कधी परत अंगण परत बिल्डिंग. १८५३ च्या बांधकाम नियमांत अंगण कमीत कमी ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटर हवं असं होतं, का तर आग विझवायचा बंब आत वळला पाहिजे. सूर्य वळला पाहिजे असं कोणी लिहिलं नव्हतं. म्हणून मागच्या बिल्डिंगमधलं खालच्या मजल्यावरचं घर नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंधारं, दुपारी दोनला लाईट. घर सकाळी बघितलंत तर परत एकदा दुपारी जाऊन बघा. मात्र तीच घरं जुलैत मस्त गार राहतात, जाड भिंती, आणि एसी कोणाकडेच नसतो म्हणून हे मोठं सुख. सगळ्यात वरचा, उताराच्या छताखालचा मजला सोडून, तो भट्टी. त्या मजल्याचं अजून एक, क्षेत्रफळ मोजताना छत दोन मीटरपेक्षा कमी आहे ती जागा अर्धीच धरतात आणि एक मीटरच्या खालची धरतच नाहीत, म्हणजे कागदावर ५० मीटर लिहिलंय पण जमीन जास्त असते, फक्त उभं राहता येत नाही. बाल्कनी साधारण पाव हिश्शाने मोजतात. आपल्याकडच्या सुपर बिल्टअपपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

आवाज, जिने. लाकडी फ्लोअर करकरतं, वरचा माणूस रात्री पाणी प्यायला उठला की आपल्याला कळतं, आणि आपलं पोर धावलं की खालच्या आजींना. लहान मुलं असतील तर एक तर तळमजला घ्या नाहीतर नवी बिल्डिंग. लिफ्ट जुन्यात क्वचित. आई तीन महिने आली तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर होतो, गुडघ्यांमुळे बिचारी दिवसातून एकदाच उतरायची आणि मग वर येताना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून रामरक्षा म्हणायची, शेजाऱ्यांना वाटायचं ही कोणाची वाट बघतेय.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. बर्लिनमध्ये नवीन करार करताना भाडं त्या भागातल्या सरासरी भाड्यापेक्षा साधारण १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही असा नियम २०१५ पासून आहे, त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला मोठा म्हणजे १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं. म्हणजे जुन्या घरात जास्त भाडं लावलंय वाटलं तर भांडायला जागा आहे, नव्यात जवळपास नाही. डिपॉझिट दोन्हीकडे जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, मालक सांगत नाही.

तर मग कुठलं? एकटे असाल किंवा दोघंच, रोज घरी व्यवस्थित स्वयंपाक करणारे, गुडघे शाबूत, तर आल्टबाऊ, पण रस्त्याच्या बाजूचं, तिसऱ्या मजल्याच्या आसपासचं, हीटिंग कशावर आहे ते कागदावर बघून. लहान मूल, आई-बाबा येऊन राहणार, किंवा थंडीचा मनापासून त्रास असेल तर नॉयबाऊ, आणि त्यातल्या त्यात दाराचं किचन असलेलं शोधा, कमी असतात पण असतात. आम्ही मुलगी झाल्यावर नव्यात आलो आणि लिफ्टमध्ये बाबागाडी घातली की रोज बरं वाटतं. भरताचं वांगं मात्र आता ओव्हनमध्ये भाजते, धुराचा वास यावा म्हणून वाटीत निखारा ठेवून तूप सोडायचा प्रयोग केला, हॉलमधला स्मोक अलार्म वाजला, तेव्हापासून वांग्यांची पिशवी घेऊन जुन्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीकडे जाते, तिच्याकडे गॅस आहे.