स्केटबोर्डिंगचे बूट: कॅनव्हास की स्वेड?

रत्नागिरीत स्केटबोर्डिंग शिकणारी भाची विचारतेय, कॅनव्हासचे बूट घेऊ की स्वेडचे (मखमली पोताच्या चामड्याचे)? जाहिराती बाजूला ठेवून बघू.

टिकण्यात स्वेड सरळ पुढे. ऑली मारताना, म्हणजे बोर्डसकट उडी घेताना, पुढच्या पावलाची कड बोर्डवर चिकटवलेल्या ग्रिप टेपवर घासत वर जाते, आणि टेप म्हणजे सँडपेपरच. करंगळीपाशी कॅनव्हासचे धागे आधी पिंजतात, मग भोक पडतं. स्वेड तिथेच हळूहळू झिजतं. शिवण मात्र दोन्हींची उसवते, म्हणून त्या जागी कमी शिलाई असलेला बुटांचा जोड बघ.

मे महिन्यातल्या घामट उकाड्यात कॅनव्हास सुखाचं. पहिल्या दिवसापासून मऊ, हवाही खेळते. टाचेला बसणारा हादरा मात्र सोलवर ठरतो: पायऱ्यांवरून उड्या मारायच्या तर जाड कपसोल (वाटीसारखा, कडेने शिवलेला सोल), बोर्ड पायाखाली जाणवायला हवा तर पातळ व्हल्कनाइज्ड (तापवून पक्का केलेल्या रबराचा) सोल.

कोकणातल्या पावसात स्वेडला बुरशी धरते, भिजून वाळलं की ते कडक होतं. कॅनव्हास धुऊन पंख्याखाली वाळवता येतं. शिवाय स्वस्त.

तोल साधायला, नुसतं फिरायला कॅनव्हास पुरे. रोज ऑली-किकफ्लिप (उडीत बोर्ड गरकन उलटवणं) करणार असशील तर स्वेडच घे. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव.