मूळ फुटायची पावडर आणि तिचं किट : मोगऱ्याला घ्या, जास्वंदीला नको

पाचपैकी साडेतीन, तेही फक्त पावडरला. सोबत जे किट येतं ना, ट्रे, कोकोपीटची चकती, बोटभर स्प्रे, त्याला वेगळे मार्क द्यायचे तर दीड, आणि तो दीड पण ट्रेच्या झाकणामुळे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव आणि रंग बदलून असली पाकिटं ढिगाने मिळतात ऑनलाइन आणि सगळ्यांवर फोटो तोच, हिरवी काडी, खाली पांढरीशुभ्र मुळं आणि बाजूला मोठ्या अक्षरात "7 दिवसांत मुळं". सात दिवसांत काही होत नाही हे आधीच सांगते, म्हणजे आठव्या दिवशी काडी उपटून बघत बसायला नको. शेवंतीसारखी कोवळी काडी दोन-तीन आठवडे घेते, मोगरा महिना-दीड महिना, आणि बोगनवेल तर दोन महिने पण लावते, तिची मर्जी.

आम्ही नाशिकला राहतो, गच्ची आहे, ऊन भरपूर. आषाढ लागला की मी दरवर्षी काड्या लावतेच, ह्या वेळेला म्हटलं जरा नीट बघू तरी पावडरचा काही फरक पडतो का नुसता खिसा हलका होतो. म्हणून प्रत्येक झाडाच्या निम्म्या काड्या पावडर लावून आणि निम्म्या तशाच, एकाच मातीत, एकाच सावलीत, शेजारी शेजारी खोचल्या. सासूबाई दोन दिवस बघत होत्या आणि मग म्हणाल्या, अगं जास्वंदीला कसली पावडर लावतेस, आषाढात खोचली की फुटते ती. आणि जास्वंदीच्या बाबतीत त्यांचंच खरं निघालं, काडीचा फरक नाही. साधी लाल गावठी जास्वंद दोन्हीकडे सारखीच फुटली. मोठमोठ्या फुलांची, दोन-तीन रंगांची जी हायब्रीड जास्वंद नर्सरीत मिळते ती मात्र नखरेल, ती बहुतेक वेळा कलमी असते, तिच्या काड्या पावडर लावूनही रडतखडतच आल्या.

आता पावडरमध्ये असतं काय ते सांगते, कारण जाहिरातीत "नवीन टेक्नॉलॉजी" वगैरे लिहिलंय. नवीन काही नाही. आत असतं इंडोल ब्युटिरिक ॲसिड, आयबीए म्हणतात, आणि बाकी सगळी टाल्क पावडर. आयबीएने काडीला मुळं फुटतात हे अमेरिकेत झिमरमन आणि विलकॉक्सन ह्या दोघांनी 1935 सालीच दाखवलंय. झाड स्वतः पण असलंच संजीवक, म्हणजे वाढीवर परिणाम करणारं रसायन, बनवतं, ऑक्झिन, ते शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत तयार होतं आणि खाली खाली सरकत येतं, काडी कापली की कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथून मुळं सुटतात. ज्या झाडाला हे आपलं आपण जमतं त्याला वरून पावडर दिली काय नि नाही दिली काय. ज्याला जमत नाही त्याला ती कामाची. एवढाच सगळा प्रकार आहे.

पण मग किती टक्के आहे हे लिहायला नको का पाकिटावर? माझी मोठी तक्रार हीच. काडी कोवळी असेल तर 1000 पीपीएम, म्हणजे 0.1 टक्का, बास होतं. अर्धवट पक्की, म्हणजे मोगरा अनंत ह्यांच्यासारखी, तिला 3000. आणि पक्क्या लाकडाची असेल तर 8000 पर्यंत जातात. ह्या पाकिटावर फक्त "सर्व फुले, फळे, भाजीपाला". जास्त झाली तर कोवळ्या काडीचं बूड काळं पडतं, जळतं, आणि आपल्याला वाटतं पाणी जास्त झालं. मी चॅटवर विचारलं की बाबा पीपीएम किती आहे, तर उत्तर आलं, "मॅम सभी प्लांट में यूज कर सकते हैं". परत विचारलं तर तेच, वर एक गुलाबाचं इमोजी. म्हणून अर्धा स्टार तिथेच कापला.

नाशिककरांसाठी एक सोय सांगते. आपल्याकडे द्राक्षवाले डॉगरिज नावाच्या द्राक्षवेलीच्या काड्या लावतात खुंटासाठी, म्हणजे ज्याच्या मुळांवर दुसऱ्या जातीचं कलम करतात त्या झाडासाठी, आणि डॉगरिज मुळं फोडायला एक नंबरची हट्टी, त्यामुळे पिंपळगाव, ओझर बाजूच्या कृषी सेवा केंद्रांत विचारलंत तर आयबीएची माहिती असणारा माणूस हमखास भेटतो. मी तिथून छोटी डबी आणली, तिच्यावर 0.3 टक्के असं सरळ छापलेलं होतं, किंमतही ऑनलाइनपेक्षा कमीच. फक्त दुकानात "संजीवक द्या" एवढंच म्हणू नका, आपल्याकडे संजीवक म्हटलं की समोरचा जीए काढून देतो, द्राक्षाचे मणी फुगवायला वापरतात ते. ते जिबरेलिक ॲसिड, वेगळी वस्तू, काडीला लावलं तर मुळं फुटायची राहतात उलट. आयबीए म्हणा, काड्यांना लावायला म्हणा.

तर निकाल. मोगऱ्याला पावडरने खरोखर फरक पडला, इतका की मी एकदम गप्प झाले. बिनपावडरच्या काड्यांपैकी निम्म्याही जगल्या नाहीत, आणि ज्या जगल्या त्यांना एक-दोन लांबडी मुळं, बाकी बूड कोरडं. पावडरच्या काड्या बहुतेक सगळ्या आल्या आणि उपटून बघितलं तर खाली टूथब्रशसारखा आखूड मुळांचा दाट गुच्छ. कुंडीत हलवल्यावर ह्याच पटकन धरल्या, दुसऱ्यांनी आठवडाभर मान टाकलेली. अनंताचंही तसंच, अनंत एरवी किती छळतो ते लावणाऱ्यालाच माहीत. बोगनवेलीच्या पक्क्या, पेन्सिलीहून जाड काड्या घेतल्या होत्या, तिथे पावडरवाल्या पुढे होत्या पण सगळ्या नाही आल्या, आणि ज्या पावसात उघड्यावर राहिल्या त्या पावडर असून सडल्या. बोगनवेलीला वरून पाऊस नको, माती ओलसर हवी, चिखल नको.

शेवंतीला लावायचीच गरज नाही. एकतर फुलं संपल्यावर बुडाशी ज्या काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतात त्यांना स्वतःची मुळं असतातच, त्या सुट्या करून लावल्या की झालं. शेंड्याच्या काड्या लावल्या तरी दोन-अडीच इंचाचा कोवळा शेंडा पटकन धरतो, पावडरने आठवडाभर लवकर धरला असेल, बाकी काही नाही. गुलाबाचं विचारतील म्हणून सांगते, गावठी गुलाब काडीने येतो, पण बाजारातला मोठ्या फुलाचा गुलाब दुसऱ्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो, त्याची काडी पावडरने जगली तरी स्वतःच्या मुळांवर तो बहुधा किडमिडाच राहतो. तेवढ्यासाठी पाकीट घेऊ नका.

लावायची पद्धत पाकिटावर दोन ओळींत आहे, "काडी बुडवा आणि लावा". बुडवू नका पाकिटात! ओली काडी आत गेली की सगळी पावडर ओली होते, बुरशी धरते, गेले पैसे. चमचाभर पावडर कागदावर काढा, उरलेली परत पाकिटात टाकू नका. काडी पाच-सहा इंचाची, कळी असेल तर खुडून टाका, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, अगदी खाली, कारण मुळं तिथूनच जास्त सुटतात, खालची पानं काढून टाका आणि वरची मोठी असतील तर कात्रीने अर्धी करा. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं आणि काडी सुकते, म्हणून. मग बूड जरासं ओलं करून पावडरीत टेकवायचं, अर्धा-पाऊण इंच, आणि बोटावर हलकी टिचकी मारून जास्तीची झटकायची, नुसता धुरळा चिकटून राहिला पाहिजे, थर नको. आणि मातीत आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग त्यात काडी ठेवून बाजूची माती दाबा. तशीच खुपसली तर सगळी पावडर वर तोंडाशी घासून राहते, बुडाला काहीच जात नाही. मी शेजारच्या काकूंना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं मी मातीला पावडर लावत होते की काय!

आता किट. ट्रेचे कप्पे जेमतेम दीड इंच खोल, ते बियांसाठी ठीक आहे, सहा इंचाची मोगऱ्याची काडी त्यात उभीच राहत नाही, पाणी घातलं की आडवी. मी शेवटी दह्याच्या डब्यांना खाली भोकं पाडून तेच वापरले. कोकोपीटची चकती पाण्यात फुगते मस्त, पण धुतलेली नव्हती, भिजवलेलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. नारळाच्या सोडणात क्षार असतात, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिळून मगच वापरा, आणि नुसतं कोकोपीट नको, ते ओलं धरून ठेवतं आणि बूड सडतं. निम्मी जाड वाळू घाला. बारीक नको, बांधकामाची चाळून वर राहते ती. स्प्रेचं नोझल पहिल्याच आठवड्यात गळायला लागलं.

झाकण मात्र खरंच छान आहे, जाड, पारदर्शक, वर छोटी खिडकी. आत दमटपणा राहतो, पानं टवटवीत राहतात. उन्हात ठेवाल तर आतल्या आत शिजतील, सावलीतच ठेवा आणि दिवसातून एकदा खिडकी उघडा. पण हेच काम डब्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घातली तरी होतं, त्यासाठी किटचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे नुसती पावडर सुटी मिळते, दीडशेच्या आसपास, ती घ्या. पन्नास ग्रॅम म्हणजे घरगुती माणसाला उदंड, चार जणींत वाटून घेतली तरी उरते.

मध, दालचिनी, कोरफडीचा गर, हे पण लोक विचारतात. मधाने आणि दालचिनीने बुरशी कमी होत असेल, पण मुळं फोडायचं काम त्यांचं नाही. जास्वंदीला लावून "बघा मधाने फुटली" असा व्हिडिओ काढणाऱ्यांना माझं एकच म्हणणं, एकदा अनंताला लावून दाखवा.

गुटी बांधणाऱ्यांनी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून मग ती कापून लावणाऱ्यांनी, पण ही पावडर वापरावी, मी क्रोटनला आणि बोगनवेलीच्या एका जाड फांदीला करून बघितलं. फांदीची साल गोल काढली की वरच्या कडेला लावायची, खालच्या नाही, मुळं वरच्याच कडेतून सुटतात. मग ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, करकचून बांधायचं.

पाकीट उघडलं की झिपलॉक नावालाच आहे, दोन वेळा दाबलं की फाटतं. घट्ट झाकणाच्या डबीत काढा, थंड आणि अंधारी जागा बघा, दमट हवेत आणि उन्हात तिचा जोर कमी होतो. एक्स्पायरी बघून घ्या, मला आलेलं पाकीट जेमतेम सात-आठ महिने उरलेलं होतं, म्हणजे पुढच्या आषाढापर्यंत काही पुरत नाही. आणि डबीवर मोठ्या अक्षरात नाव लिहाच, दिसायला ती हुबेहूब खायचा सोडा आहे आणि वासही काही येत नाही. आमच्याकडे सासूबाईंनी त्यावर लाल पेनाने "खायचं नाही" लिहून डबी स्वयंपाकघरातून थेट गच्चीवरच्या कपाटात नेऊन ठेवलीय.